आनंदाची वहिवाट

गेल्या श्रावणातील एका रविवारची गोष्ट. केलगेरीच्या तळ्यावरून गार वारा येत होता, अंगणात झिमझिम लागली होती, आणि न्यायालयाला सुट्टी असल्यामुळे हातात कागद नव्हते. बैठकीच्या खोलीत मुलाने ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट लावला होता. सचिन पिळगांवकरांनी १९८८ साली दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मराठी घरांतून आजवर किती वेळा पाहिला गेला असेल, याची मोजदाद कोणी करू नये. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून दोन तरुण बायकांचा वेष घेतात, दुसऱ्या दोघांच्या पत्नी म्हणून मिरवतात, आणि एका वृद्ध घरमालकिणीच्या घरात चौघांचे बिऱ्हाड थाटले जाते, हे त्याचे कथानक. व्यवसायाने वकील असल्यामुळे, खोटी बतावणी करून मिळविलेला हा भाडेकरार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्या घरमालकिणीला रद्द करून घेता आला असता, हे मला दर खेपेस आठवते. आणि दर खेपेस तो कायदा बाजूला ठेवून मी हसतो. त्या दिवशीही लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरीत पडद्यावर आले आणि मी मोठ्याने हसलो.

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. हातात तांदळाचे सूप होते. ती कोकणीत एवढेच म्हणाली, “वर्स जांवक ना रे पुता अजून.” वर्ष व्हायचे आहे अजून. वडिलांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. आत्या रागावली नव्हती. तिच्या स्वरात नवल अधिक होते. ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली आणि मी संचाचा आवाज कमी केला. कमी केला, बंद केला नाही. या दोहोंत अंतर कोणते, आणि त्या अंतराचे समर्थन करता येईल काय, हा विचार तेव्हापासून माझा पाठलाग करीत आहे.

आम्हां वकिलांना एक सवय असते. कोणताही तंटा समोर आला की प्रथम वादमुद्दे काढावयाचे. आत्याच्या त्या एका वाक्यातून मला तीन मुद्दे निघताना दिसले. पहिला असा की, स्वतःच्या घरात दुःख असता आनंद घेणे हे निष्ठेला सोडून आहे काय? दुसरा, घरातले दुःख सरले तरी जगातले सरत नाही. मग कर्तव्यदक्ष माणसाने चित्रपट, गाणे, चांदणे आणि पेढे यांत मन रमवावे हे कितपत योग्य? आणि तिसरा मुद्दा, जो आत्याच्या मनातही नसेल: आनंद घेणे हा आपला हक्क आहे असे ठरले, तरी त्या हक्काबरोबर काही देणे लागते की नाही?

या मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मालकी, कब्जा आणि उपभोग या गोष्टी कायदा निरनिराळ्या मानतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०५ वे कलम पाहिले तर भाडेपट्ट्याने मालकी हस्तांतरित होत नाही. हस्तांतरित होतो तो उपभोगाचा हक्क. आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत याच अर्थाच्या जवळचा एक सुंदर शब्द आहे, ‘वहिवाट’. त्याच १८८२ सालच्या दुसऱ्या एका कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा, किंवा आपल्या खिडकीत येणाऱ्या उजेडवाऱ्याचा हक्क सांगितलेला आहे. पायवाटेचा असा हक्क मागणाराला ती वाट आपण शांततेने, उघडपणे, हक्काच्या भावनेने आणि अखंड वीस वर्षे वापरली हे सिद्ध करावे लागते. जमीन शेवटपर्यंत दुसऱ्याचीच राहते. चालणे तेवढे आपले.

अशाच एका पायवाटेच्या दाव्यात एक वृद्ध शेतकरीण साक्षीला आली होती. मी तिला कानडीत विचारले, “या वाटेने तुम्ही कोणाच्या परवानगीने जात होता?” ती म्हणाली, “परवानगी कसली? वाट होती, मी जात होते. एका पावसात बांध फुटला, तेव्हा दोन टोपल्या मातीही मीच टाकली.” दाव्याच्या दृष्टीने तिच्या उत्तराचा पहिला भाग महत्त्वाचा होता. दुसऱ्या भागाचे महत्त्व मला फार उशिरा कळले. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता पहिला मुद्दा. या बाबतीत माझ्यापाशी माझ्या वडिलांचाच एक पूर्वनिर्णय आहे. १२ सप्टेंबर १९९२ रोजी पंडित मल्लिकार्जुन मन्सूर निवर्तले. धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० साली जन्मलेला हा गायक मिरजेच्या नीलकंठबुवांपाशी ग्वाल्हेर गायकी शिकला, पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडून त्याने जयपूर-अत्रौलीची तालीम घेतली, आणि जगभर कीर्ती झाल्यावरही धारवाडातल्या आपल्या ‘मृत्युंजय’ नावाच्या घरात तो शेजारच्या माणसासारखा राहिला. माझे वडील साधे कारकून. सनावळीतले गायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण १९५० साली धारवाडला नभोवाणी केंद्र सुरू झाल्यापासून घरात जो रेडिओ वाजे, त्याच्या संगतीत ते वाढले होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या रात्री जेवणे झाल्यावर वडिलांनी कपाटातून मन्सूरांची ध्वनिफीत काढली आणि लावली. मी विचारले, “आज?” ते म्हणाले, “आजच.”

एवढाच तो निर्णय. त्याला कारणमीमांसा जोडलेली नव्हती. ती मला पुढे स्वतः शोधावी लागली. गाणाऱ्याचा शोक त्याच्या गाण्यानेच करावा, कारण माणूस आपल्यापाशी जे ठेवून जातो त्यात तो पुष्कळ अंशी शिल्लक असतो, असे काहीसे त्यांना म्हणावयाचे असावे. विरुद्ध पक्षाचा वकील यावर लगेच उठून म्हणेल की, हा पूर्वनिर्णय प्रस्तुत प्रकरणाला लागू नाही. गवयाच्या मृत्यूनंतर गाणे ऐकणे वेगळे आणि बापाच्या मृत्यूनंतर विनोदी चित्रपट पाहून हसणे वेगळे. आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु त्यात एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. ‘बनवाबनवी’ मला प्रथम दाखविला तो वडिलांनीच. भाड्याने आणलेला व्हिडिओ, शेजारची सात-आठ मुले, आणि सर्वांच्या मागे भिंतीला टेकून बसलेले वडील. ते हसू लागले की त्यांना ठसका लागे, आणि त्या ठसक्याला आम्ही मुले हसत असू. गेल्या श्रावणात मी हसलो तो पडद्याकडे पाहून, हे खरे. पण त्या हसण्याच्या मागे कोणीतरी भिंतीला टेकून बसले होते. ज्या बेर्ड्यांनी हसविले तेही २००४ सालीच गेले. दोन गेलेल्या माणसांनी मिळून मला त्या दिवशी हसविले. याला विस्मरण म्हणावे, असे मला वाटत नाही.

धारवाडकरांना या संदर्भात साधनकेरीचे द. रा. बेंद्रे आठवल्यावाचून राहणार नाहीत. घरात मराठी बोलणारा हा पुरुष कानडीचा महाकवी झाला. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकुतंती’ या संग्रहाला मिळाला. अपत्यवियोगाचे दुःख त्यांच्या वाट्याला एकदा नव्हे, अनेकदा आले. तरीही श्रावण, पाखरे, पहाट यांचा आनंद त्यांच्या कवितेतून हद्दपार झाला नाही. दुःखाशी प्रामाणिक राहावयाचे म्हणून त्यांनी सृष्टीशी अबोला धरला नाही.

मग वर्षभर उत्सव न करण्याचा आपल्या समाजातील जो संकेत आहे तो निरर्थक समजावा काय? मुळीच नाही. शोकाकुल माणसाला लोकांच्या आग्रहापासून वाचविणारे ते एक कवच आहे. लग्नाला चला, सणाला गोडधोड करा, असा लकडा त्याच्यामागे कोणी लावू नये, यासाठी समाजाने एक वर्षाची मुदत घालून दिली. आवाज कमी करण्यात मी या संकेताचा मान राखला. बंद न करण्यात वडिलांच्या निर्णयाचा. मर्यादा आहे ती उत्सवाला. आठवणीतून आलेल्या हसण्याला ती लागू करू नये.

दुसरा मुद्दा अधिक कठीण आहे, कारण तो सद्गुणी माणसांनाच छळतो. माझे स्वतःचे उदाहरण देतो. सनद मिळाली त्या वर्षापासून मी गाणे ऐकणे हळूहळू सोडले. कोणी सोडायला सांगितले नव्हते. पक्षकार येत, कोणाची जमीन गेलेली, कोणाचा पगार अडलेला, कोणी नवऱ्याने टाकलेली. ही माणसे बाहेर बाकावर बसली असता आत आपण यमन ऐकावा, याची मला लाज वाटू लागली. २००८ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडला आले, बंगळूरच्या खेपा वाचल्या, पण वाचलेला वेळ कामानेच खाल्ला. मी याला कर्तव्यनिष्ठा समजत होतो.

अशा निष्ठेची परीक्षा इंग्लंडातील एका तत्त्वज्ञाने स्वतःवर करून पाहिलेली आहे. जॉन स्टुअर्ट मिलला लहानपणापासून लोकसुधारणेसाठी वाढविण्यात आले होते. १८२६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला विचारले की, ज्या सुधारणांसाठी आपण झटतो त्या सर्व या क्षणी घडून आल्या तर आपल्याला आनंद होईल काय? आतून उत्तर आले, नाही. या एका उत्तराने तो खचला. मरणोत्तर १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सारे निर्भीडपणे सांगितले आहे. वर्डस्वर्थच्या कवितेने त्याला सावरले. इतरांना सुखी करावयाचे, पण सुख म्हणजे काय हे स्वतः विसरून जावयाचे, या पद्धतीत कोठेतरी हिशेब चुकतो, हे त्याला उमगले. माझ्या पक्षकारांसाठी मी काय मिळवून देत होतो? शेवटी हेच, की त्यांनी संध्याकाळी आपल्या ओसरीवर निर्धास्तपणे बसावे, मुलाबाळांत हसावे, आवडीचे गाणे ऐकावे. ज्याला स्वतःला ओसरी ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या ओसरीसाठी फार दिवस भांडू शकत नाही. तो फक्त कागदांसाठी भांडू लागतो. मी तसा होऊ लागलो होतो.

शिवाय आनंद म्हणजे सुखवस्तू माणसांची चैन, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. आमच्या रस्त्याने भाजीची हातगाडी घेऊन येणारा गृहस्थ गाडीच्या दांडीला लहानसा रेडिओ टांगतो. त्याच्या कष्टांत त्या रेडिओने एक पैशाची भर घातलेली नाही, आणि त्याच्या कष्टांना कमीपणाही आणलेला नाही. त्याच्या दुःखासाठी मी गाणे सोडले असे त्याला सांगितले, तर तो माझ्याकडे कीव येऊन पाहील. उपनिषदांनी आनंदाची चढती श्रेणी मोजली आहे आणि ईशावास्याने भोग निषिद्ध न मानता तो त्यागपूर्वक घ्यावा असे सांगितले आहे. या उपदेशातला त्याग म्हणजे आनंदाचाच त्याग, असा सोपा अर्थ आम्ही करून घेतला. मला त्याचा अर्थ असा दिसतो की, वस्तू माझीच आहे हा आग्रह सोडून तिचा आस्वाद घ्यावा. हीच तर वहिवाट!

येथे तिसरा मुद्दा उभा राहतो, आणि या मुद्द्यावर आम्ही सर्व थोडेफार दोषी आहोत, असे मला नम्रपणे म्हणावयाचे आहे. जमीन दुसऱ्याची असते हे पायवाटेने जाणारा कधी विसरत नाही. गाणे ऐकणारा मात्र विसरतो. गंगूबाई हनगल १९१३ साली याच धारवाडात जन्मल्या. त्यांची आई अंबाबाई थोर गायिका होती. लहानपणी गंगूबाई शेजारच्या बागेत आंबे घ्यायला शिरल्या, तेव्हा गाणारणीची मुलगी आपल्या बागेत आली म्हणून तेथून त्यांना हाकलण्यात आले. पुढे नावलौकिक झाल्यावर तीच माणसे सन्मानाने घरी बोलावू लागली, ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात. ज्या आवाजासाठी एवढे कष्ट उपसले, तो आवाज गावाला हवा होता. ती मुलगी मात्र बागेत नको होती.

आपल्या मंदिरांच्या इतिहासाकडेही याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे. गोव्यातील कितीतरी देवालयांत पालखीपुढचे आणि मंडपातले गाणे कलावंत समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आमच्या पूर्वजांनी ते डोळे मिटून ऐकले, आणि डोळे उघडल्यावर गाणाऱ्या घराला गावाच्या पंक्तीबाहेर ठेवले. याच समाजात, गोव्यातील केरी गावी, १८९२ साली केसरबाई केरकर जन्मल्या. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ याने अवकाशात निघाली तेव्हा मानवजातीची ओळख म्हणून जी सुवर्णतबकडी सोबत दिली गेली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. त्यांतील पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. जिच्या घराला पंक्तीत जागा नव्हती, तिच्या स्वराला सूर्यमालेपलीकडे जागा मिळाली. यात केसरबाईंचा गौरव आहे. आमचा पंक्तिप्रपंच मात्र त्यात उघडा पडतो.

वहिवाटीच्या त्याच कायद्यात दोन कलमे आहेत, त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. बाविसावे कलम सांगते की, हक्क असा वापरावा की ज्याच्या जमिनीतून आपण जातो त्याला कमीत कमी त्रास होईल. पंचविसावे सांगते की, हक्काच्या उपभोगासाठी आणि रक्षणासाठी जी डागडुजी करावी लागेल तिचा खर्च उपभोग घेणाराने सोसावा. त्या शेतकरणीने हे कलम वाचलेले नव्हते. तरी दोन टोपल्या माती तिने टाकली होती. रसिकाने टाकावयाची माती कोणती? एक, मोबदला. चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा करारात कायमचा लिहून घेतला जाऊ नये, यासाठी २०१२ साली लेखाधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. ही दुरुस्ती होण्यापूर्वी आपण ती गाणी किती दशके गुणगुणत होतो! चोरून उतरविलेला चित्रपट फुकट पाहणारा माणूस दुसऱ्याच्या उभ्या पिकातून चालतो. दुसरी टोपली मानाची. ज्याची कला हवी त्याला ओसरीवर बसविण्याइतके मन हवे. आणि एक तिसरी टोपली आहे, जी फुकट आहे म्हणून सर्वांत दुर्मिळ झाली आहे. ती म्हणजे अवधान. खिशातल्या यंत्रात आज सगळे गाणे मावते, पण एक बंदिश शेवटपर्यंत ऐकण्याइतकी स्वस्थता मावत नाही. आठवण म्हणून सांगतो, मिलला आजारात अशीही धास्ती पडली होती की, सप्तकातले सूर थोडेच, त्यांच्या जुळण्या एक ना एक दिवस संपतील. त्याने मन्सूरांना ऐकले असते तर ही चिंता मिटली असती. वडिलांची ती एकच ध्वनिफीत मी लहानपणी शंभर वेळा ऐकली असेन. ती संपली नाही. माझे ऐकणे तेवढे संपले होते.

त्या संपण्याचाही कायदा आहे. सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणे, ज्या हक्काचा उपभोग सलग वीस वर्षे मुळीच घेतला नाही, तो हक्क नष्ट होतो. सनद मिळाल्यापासून माझी वीस वर्षे भरत आली होती. अशा वेळी वडील अंथरुणाला खिळले. शेवटच्या तीन महिन्यांत त्यांना बोलता येत नव्हते. सकाळी ते रेडिओकडे बोट दाखवीत. मी लावून देई आणि निघू लागे, तेव्हा ते तेच बोट खुर्चीकडे वळवीत. पहिल्या दिवशी मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. पुढे घड्याळ टेबलावर राहू लागले. माझा हक्क बुडण्यापूर्वी त्यांनी तो वाचविला, असे आज मला दिसते. बापाकडून वारसाहक्काने पुष्कळांना जमिनी मिळतात. मला ही वाट मिळाली, आणि तिचा दस्तऐवज कोठेही नोंदलेला नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा की, आनंद घेणे हा अपराध नव्हे आणि ती आपली मालकीही नव्हे. तो दुसऱ्यांच्या श्रमातून, दुसऱ्यांच्या प्रेमातून गेलेल्या वाटेवरचा हक्क आहे. तो शांततेने वापरावा. उघडपणे वापरावा, लाजून नव्हे. त्याची डागडुजी आपल्या खर्चाने करावी. आणि तो पडू देऊ नये, कारण आपण चाललो नाही तर पुढच्या पिढीला तेथे वाट होती हेही कळणार नाही.

हे सर्व मी आत्याला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि कलमे तुझी तुझ्यापाशी असू देत, असे म्हणाली. वर्षश्राद्ध होईपर्यंत ती स्वतः गाण्याच्या खोलीत येऊन बसणार नाही. तिच्या भावासाठी तिने घेतलेला हा नेम आहे, आणि तो मोडण्याचा युक्तिवाद माझ्यापाशी नाही. करावासाही वाटत नाही. परंतु हल्ली सकाळी मी रेडिओ लावतो, तेव्हा स्वयंपाकघराचे मधले दार ती लावून घेत नाही. परवा वाऱ्याने ते लागले, तर तिने उठून त्याला पाट लावून ठेवला.